आरोग्य विम्याचा वाढता हप्ता: ज्येष्ठांच्या पॉलिसीत मोबदला नेमका किती मिळतो?

सुमेधा_डोंबिवली

बाबा ७१, आई ६६. दोघांची मिळून १० लाखांची फ्लोटर (दोघांना एकच सामायिक रक्कम) पॉलिसी आहे, खासगी कंपनीची. गेल्या वर्षी मूळ हप्ता ६२ हजार होता, यंदा ६८ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, म्हणून प्रत्यक्षात खिशातून यंदा थोडे कमीच जाणार. पण ती सवलत एकदाच मिळते, मूळ हप्ता मात्र दरवर्षी वाढणार. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी बोलावं लागेल, असा आदेश आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, जानेवारी २०२५ मध्ये काढला. चांगलं झालं. पण १० टक्क्यांनी वाढत गेला तरी बाबा ७८ चे होतील तेव्हा हप्ता एक लाख तीस हजारांच्या पुढे गेलेला असेल. दोघांचं पेन्शन तुटपुंजं आहे, भरणार मीच.

इतक्या वर्षांत क्लेम झाला तो फक्त आईच्या मोतीबिंदूचा. त्यावरून "पैसे फुकट गेले" असं मी म्हणणार नाही. आजारी पडलो नाही याचं दुःख कशाला करायचं? माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या मोठं दुखणं आलं, तर ही पॉलिसी बिलाचा किती भाग खरंच उचलेल, हे आज कसं समजून घ्यायचं? आमच्या सोसायटीत ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी पॉलिसी घेतली ती मार्च महिन्यात, प्राप्तिकरात ८०डी कलमाची वजावट मिळावी म्हणून. नव्या करप्रणालीत ती वजावटही नाही. मग आता लोक काय बघून घेतात? एजंट विमा रक्कम आणि हॉस्पिटलांची यादी दाखवतो. या दोन गोष्टींवरून मोबदला कळतो, असं मला वाटत नाही.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. "घेऊन टाका हो, काळ वाईट आहे" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

---

अभय_सातारा

माझं मत पहिल्यापासून विरोधात आहे. वर्षाला ४० हजार हप्ता धरा. तेच पैसे २५ वर्षं ७ टक्क्यांनी ठेवले तर साधारण २५ लाख होतात. ते आपले. कुठल्या हॉस्पिटलात जायचं, कुठली खोली घ्यायची, कुणाला विचारायचं नाही. क्लेम नाकारला जाण्याची भीती नाही. माझं दुकान आहे, कंपनीचा विमा नाही, मी असंच करतो.

---

केपी_नागपूर

अभयराव, २५ व्या वर्षीचा आकडा बरोबर आहे. पण तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे किती असतील? एक लाख २८ हजारांच्या आसपास. बायपास तिसऱ्या वर्षी लागला तर? विम्याचा हिशोब असाच करावा लागतो. मोठं दुखणं कधी येणार हे ठाऊक नसतं, म्हणून तर तो घ्यायचा.

मात्र तुमच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. दरवर्षी होणारे छोटे खर्च, तपासण्या, डॉक्टरांची फी, महिन्याची औषधं, यासाठी विमा कामाचा नाही. ओपीडीचं कवच जोडलं की कंपनी तेवढे पैसे हप्त्यात आधीच घेते. छोटं घरातून, मोठं विम्यातून, अशी विभागणी मला पटते.

---

गोदाकाठ

मी एका सरकारी विमा कंपनीत क्लेम विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सुमेधाताईंनी नेमका प्रश्न विचारला आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आपण आजही ज्याला मेडिक्लेम म्हणतो ती पॉलिसी १९८६ मध्ये चार सरकारी कंपन्यांनी आणली. तेव्हा रोगी आधी बिल भरायचा, मग कागद जोडून परतावा मागायचा. कॅशलेस (बिल परस्पर कंपनीने भरायचं) आणि टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारे मध्यस्थ) नंतर आले, खासगी कंपन्याही नंतरच आल्या. कॅशलेसमुळे लोकांची सोय झाली, पण एक गोष्ट बिघडली: बिल कोण भरतो हे रोग्याला दिसेनासं झालं आणि दर विचारायची सवय गेली.

मोबदला मोजायचं एक माप आहे, क्लेम गुणोत्तर. म्हणजे गोळा झालेल्या १०० रुपये हप्त्यामागे किती रुपये क्लेमपोटी दिले. नियामकाच्या २०२३-२४ च्या अहवालात सरकारी कंपन्यांचं हे प्रमाण शंभराच्या थोडं वर आहे, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांचं ६५ च्या आसपास. हे वाचून लगेच सरकारी कंपनीकडे धावू नका. सरकारी कंपन्यांकडे मोठमोठ्या आस्थापनांचे समूह विमे जास्त आहेत. तिथे घासाघीस करून दर खाली आणलेले असतात आणि क्लेम भरपूर येतात, म्हणून प्रमाण फुगतं. वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्याच्या बाजूने घासाघीस करणारं कुणी नसतं. हप्त्याचा मोठा भाग एजंटाचं कमिशन, जाहिराती, कार्यालयं यांत जातो. फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीला एकूण हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च करायची मुभा आहे. हप्ता का वाढतो असं विचारलं की सगळे वैद्यकीय महागाईकडे बोट दाखवतात. ते खरं आहेच, पण हा ३५ चा आकडाही समोर ठेवायला हवा.

दुसरं, त्याच अहवालवर्षात दाखल झालेल्या क्लेमच्या रकमेपैकी १२.९ टक्के, म्हणजे सुमारे १५,१०० कोटी रुपये, अटींवर बोट ठेवून नामंजूर झाले. या अटी कुठल्या, ते पॉलिसी घेतानाच वाचलं पाहिजे. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते रूम रेंटमध्ये.

समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीचं भाडं रोज १ टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत मंजूर. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, चार दिवस राहिलात. खोलीचे झाले ४० हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून २ लाख. औषधं, इम्प्लांट, तपासण्या १ लाख ६० हजार. एकूण ४ लाख. लोकांना वाटतं की आपल्याला फक्त खोलीचे जादा २० हजार भरावे लागतील. तसं होत नाही. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जन वगैरेंचे २ लाखही निम्मे होतात. कंपनी देते २० हजार, १ लाख आणि १ लाख ६० हजार, म्हणजे २ लाख ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, तसा नियम २०२० पासून आहे. आधी तर त्यावरही लागायची.

म्हणून ताई, पॉलिसी काढा आणि आधी चार गोष्टी शोधा: खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरावीक हिस्सा) किती, कुठल्या आजाराला वेगळी कमाल रक्कम ठरवली आहे का, आणि विमा रक्कम एकदा संपली तर त्याच वर्षात परत भरली जाते का. १० लाखांची पॉलिसी २० टक्के को-पेसह असेल, तर प्रत्येक क्लेमचा पाचवा हिस्सा तुमचा, हे मनात धरून चाला.

---

सुमेधा_डोंबिवली

गोदाकाठकाका, मनापासून आभार. आत्ताच कागद काढले. खोली "सिंगल प्रायव्हेट एसी" पर्यंत, आकड्याची मर्यादा नाही. पण वयाच्या ६१ नंतर पॉलिसीत आलेल्यांना २० टक्के को-पे आहे आणि बाबा ६२ व्या वर्षी आले. एजंटाने हे एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या दृष्टीने ही पॉलिसी बाबांसाठी ८० टक्क्यांचीच झाली.

---

डॉ_वैशाली_सांगली

आमचं छोटं नर्सिंग होम आहे. हॉस्पिटलची बाजूही मांडते, कारण अशा चर्चांमध्ये हॉस्पिटलं लुटतात एवढंच बोललं जातं.

टीपीएकडून मिळणारे पॅकेजचे दर कित्येक वर्षं तसेच राहतात, आणि पैसे यायला महिने जातात. त्या काळात स्टाफचे पगार, ऑक्सिजन, औषधवाले यांना उधारी चालत नाही. म्हणून छोटी रुग्णालयं कॅशलेसमधून बाहेर पडतात आणि जिल्ह्याच्या गावी विमा असूनही रोग्याला आधी रोख भरावी लागते. पुण्या-मुंबईतल्या माणसाला यादीतली शंभर हॉस्पिटलं दिसतात. आटपाडी किंवा जतच्या माणसाने तेवढाच हप्ता भरून त्याच्या हाती काय लागतं?

दुसऱ्या बाजूने, मोठ्या रुग्णालयांत विमा आहे म्हटलं की बिल वाढतं हेही मी नाकारणार नाही. खोलीचा वर्ग बदलला की त्याच ऑपरेशनचे दर बदलतात. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. दर ठरवता येतात हे आपण कोविडमध्ये पाहिलं आहे. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांसाठी वॉर्डला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये रोज असे दर बांधून दिले होते. अंमलबजावणीत खूप गोंधळ झाला, पण निदान लोकांच्या हातात एक आकडा होता. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. आमच्याकडे आहे. तुम्ही जिथे जाल तिथे ते मागा. बांधलेला दर किंवा निदान दिसणारा दर असल्याशिवाय विम्याचा हप्ता खाली येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

---

मोरपीस_पुणे

सासऱ्यांचा क्लेम नाकारला गेला तो अनुभव लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही. न्यूमोनियासाठी दाखल केलं. रात्रीच्या निवासी डॉक्टरांनी केसपेपरवर "१० वर्षांपासून मधुमेह" असं लिहिलं. प्रत्यक्षात निदान पाच वर्षांपूर्वीचं, पॉलिसी घेतल्यानंतरचं, आणि जुने रिपोर्ट आमच्याकडे होते. कंपनीने माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द करण्याची नोटीस दिली.

आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, जुने रिपोर्ट आणि फॅमिली डॉक्टरांचं पत्र जोडलं. समाधानकारक उत्तर आलं नाही तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेलो. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल आमच्या बाजूने लागला. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये पॉलिसीधारकाला द्यावे लागतात, हा नियमही २०२४ पासून आहे.

सगळ्यांना कळकळीची विनंती: दाखल करताना केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते घरच्या एकाने वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. डिस्चार्जनंतर ते बदलून घेणं फार जड जातं.

---

गोदाकाठ

मोरपीसताईंच्या अनुभवाला जोडून सांगतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की त्यानंतर "माहिती लपवली" या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध केल्याशिवाय. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच केली. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियडही (त्या आजाराचा क्लेम मिळायला थांबायचा काळ) चारवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. या दोन्ही गोष्टींचं मोल जुन्या पॉलिसीधारकालाच मिळतं. म्हणून ज्येष्ठांची चालू पॉलिसी रागाने सोडून देऊ नये. कंपनी आवडत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड-दोन महिने अर्ज करा. झालेली वर्षं नव्या कंपनीत मोजली जातात, मात्र जुन्या विमा रकमेपुरतीच. आणि नवी कंपनी घेईलच याची खात्री नसते, वय आणि आजार बघून ती नाही म्हणू शकते. म्हणून होकार हाती आल्याशिवाय जुनी बंद करायची नाही.

---

यारातीरी

मेलबर्नहून लिहितोय. ऑस्ट्रेलियात मेडिकेअर ही सरकारी व्यवस्था सगळ्या नागरिकांना आहे, सरकारी रुग्णालयात उपचार मोफत. तरी खासगी विम्याला मागणी आहे, आणि ती कुठून येते हे बघण्यासारखं आहे.

ठरावीक उत्पन्नाच्या वर कमावणाऱ्याने खासगी हॉस्पिटल कव्हर घेतलं नाही, तर १ ते १.५ टक्के जादा कर लागतो. वयाच्या तिशीनंतर विमा घ्यायला जितकी वर्षं उशीर, तितक्या प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्के जास्त, कमाल ७० टक्के. तो बोजा सलग १० वर्षं विमा ठेवल्यावर उतरतो. स्थलांतरित होऊन आलेल्यांना मेडिकेअरमध्ये नाव नोंदल्यापासून एक वर्षाची मुभा असते, नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही. परिणाम असा, की माझ्या ओळखीतले कितीतरी लोक कर वाचावा म्हणून सगळ्यात स्वस्त कव्हर घेतात आणि दुखणं आलं की सरकारी रुग्णालयातच जातात. बाळंतपण सर्वांत वरच्या "गोल्ड" श्रेणीतच धरलं जातं, तेही १२ महिने थांबून. तक्रारी इथेही खूप आहेत, विमा असूनही सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या फीमधला फरक खिशातून जातो.

पण एक गोष्ट भारताने घ्यावी असं वाटतं. इथे वय वाढलं किंवा आजार झाला म्हणून कंपनी हप्ता वाढवू शकत नाही. सुमेधाताईंचे बाबा इथे असते आणि त्यांनी वेळेत विमा घेतला असता, तर चाळिशीतल्या माणसाएवढाच हप्ता भरला असता. आणि दरवर्षीची दरवाढ आरोग्यमंत्र्यांच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही.

---

अभय_सातारा

यारातीरी, पण मग तिथल्या तरुणांनी म्हाताऱ्यांचे पैसे भरायचे, असंच ना?

---

यारातीरी

हो, तसंच. भिशीत पहिला नंबर लागला तरी पुढचे हप्ते भरतोच ना आपण? फक्त इथे तरुणांनी आत यावं म्हणून कायद्याने ढकललं जातं, कारण स्वतःहून ते येत नाहीत. तरुण बाहेर राहिले की आत फक्त आजारी आणि वयस्क उरतात, हप्ता वाढतो, मग उरलेले धडधाकट लोकही सोडतात. भारतात वयानुसार दर लावल्यामुळे तरुणांना स्वस्त पडतो, पण ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला तो परवडेनासा होतो. कुठला मार्ग निवडायचा हा धोरणाचा प्रश्न आहे. माझं मन पहिल्या मार्गाकडे आहे.

---

केपी_नागपूर

भारतात मागणी कमी दिसण्याचं आणखी एक कारण म्हणजे कंपनीचा समूह विमा. माझ्या खात्यातल्या पंचवीस-तिशीच्या मुलांना वाटतं की ऑफिसचा आहे, वेगळा कशाला. नोकरी सुटली की तो संपतो. पंचेचाळिशीनंतर, एखादी गोळी सुरू झाल्यावर नवा घ्यायला गेलं की जादा दर लावतात किंवा नकार देतात. समूह विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग असतो, आधीची वर्षंही धरली जातात. पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. एचआरला विचारा, लेखी घ्या.

---

रेवदंडा

सरकारी योजनांचं कुणी लिहिलंच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती नाही, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही ५ लाखांचं. खासगी विमा असला तरी घेता येतं. सुमेधा, बाबांचं काढलंस का?

---

डॉ_वैशाली_सांगली

जरूर काढा. आधार कार्ड असलं की पुरतं. फक्त आपल्या भागातलं कुठलं रुग्णालय यादीत आहे आणि त्या आजारासाठी आहे का, हे आत्ताच पाहून ठेवा. हृदय, किडनी, कॅन्सर यांचे पॅकेज चांगले आहेत, पण मोठी कॉर्पोरेट रुग्णालयं बहुतेक वेळा बाहेर असतात. आणि ज्यांचं उत्पन्न खरंच कमी आहे त्यांनी धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा विसरू नयेत. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला वेळेत काढून ठेवला तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

---

सुमेधा_डोंबिवली

बाबांचं वय वंदना कार्ड या आठवड्यात काढते. आई अजून ६६ ची, म्हणजे तिच्यासाठी चार वर्षं खासगी पॉलिसीवरच भिस्त. पॉलिसी सोडायची नाही हे नक्की केलं.

आता मनात असं आहे: १० लाखांऐवजी मूळ पॉलिसी ५ लाखांची करावी आणि वर २० लाखांची सुपर टॉप-अप घ्यावी, ५ लाख डिडक्टिबलची. म्हणजे वर्षभरातला एकूण खर्च ५ लाखांच्या पुढे गेला की सुपर टॉप-अप सुरू. एजंटाच्या हिशोबाने दोन्ही मिळून हप्ता बराच खाली येतो. काका, यात काही धोका?

---

गोदाकाठ

धोका आहे. सुपर टॉप-अप ही नवी पॉलिसी, तिचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून मोजणार. बाबांना रक्तदाब किंवा साखर असेल तर तीन वर्षांपर्यंत त्यासंबंधीच्या दुखण्याला ती कामाला येणार नाही, आणि तोवर तुम्ही मूळ ५ लाख कमी करून बसलेल्या असाल. म्हणून आधी सुपर टॉप-अप घ्या, सगळे आजार अर्जात लिहा, तपासणी करायला सांगितली तर करा. तीन वर्षं दोन्ही चालवा. मूळ रक्कम त्यानंतर कमी करा. आणि नुसती "टॉप-अप" घेऊ नका, ती प्रत्येक दाखल होण्याचा खर्च वेगळा मोजते. तीन-तीन लाखांची दोन दुखणी आली तर ती एक रुपयाही देणार नाही, सुपर टॉप-अप देईल.

---

सुमेधा_डोंबिवली

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि तो २० टक्के को-पे काढता येतो का?

---

गोदाकाठ

काही कंपन्या जादा हप्ता घेऊन को-पे काढतात. विचारून बघा, किती जादा ते कळलं की हिशोब मांडता येईल. २० टक्के वाचवायला हप्ता १५ टक्के वाढणार असेल तर बाबांच्या वयात मी घेईन, ४० टक्के वाढणार असेल तर नाही. उत्तर ईमेलवरच मागा. सोबत ग्राहक माहिती पत्रकही (पॉलिसीच्या अटी थोडक्यात सांगणारं) मागा, ते देणं १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे आणि स्थानिक भाषेत मागता येतं. मराठीत पाठवा म्हणून लिहा. एजंटाचं व्हॉट्सअ‍ॅप उद्या लोकपालांसमोर तेवढं टिकणार नाही. पत्रक आलं की नाव-नंबर झाकून इथे टाका, आपण एकेक कलम बघू.